जपानी शाळेत इंग्रजीच्या तासाला कॉमिक्स: चार चौकटींत काय काय बसतं

प्रश्न असा होता: जपानमधल्या चूगाक्कोत, म्हणजे आपल्या सातवी ते नववीच्या वयाच्या मुलांच्या शाळेत, सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून रुजू व्हायचं आहे. तिथली मुलं मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, भरपूर वाचतात. मग इंग्रजी शिकवायला कॉमिक्स वापरता येईल का, कोणतं घ्यायचं, आणि ५० मिनिटांच्या तासात नेमकं काय करायचं?

वापरता येतं, आणि फार चांगलं वापरता येतं. पण ‘मुलांना मांगा आवडतो, म्हणजे इंग्रजी मांगा हातात दिला की इंग्रजीही आवडायला लागेल’ या हिशेबाने गेलात तर दुसऱ्याच तासाला गाडं अडेल. मुलं चित्रं बघून गोष्ट समजून घेतील, पात्रांच्या बोलण्याचे फुगे वाचणारही नाहीत. आणि त्यात त्यांची चूक नाही. चौकटीकडून चौकटीकडे कसं जायचं, मधे किती वेळ गेला हे कसं ओळखायचं, कपाळावरचा घामाचा थेंब म्हणजे काय, हे सगळं त्यांना लहानपणापासून येतं. तेव्हा गोष्ट समजावून सांगायला जपानी भाषांतराची गरज उरत नाही आणि वाचलेला सगळा वेळ इंग्रजी बोलण्या-लिहिण्याला देता येतो. कॉमिक्सचा मुख्य फायदा हा आहे. करमणूक होते ती वर. म्हणून भरगच्च फुग्यांचं कॉमिक वाचायला देण्यापेक्षा फुगे रिकामे केलेलं कॉमिक बोलायला देणं कितीतरी जास्त उपयोगाचं. चित्र जे सांगतंय ते शब्दांनी पुन्हा सांगितलेलं नसावं, ते मुलाने सांगायचं राहिलेलं असावं.

आधी मुलांची पायरी ओळखा. २०२० पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात तिसरी-चौथीला वर्षाला ३५ तास नुसतं बोलण्या-ऐकण्याचं इंग्रजी असतं. पाचवी-सहावीला ७० तास, आणि तिथे तो रीतसर विषय आहे. प्राथमिक शाळेतून मूल ६०० ते ७०० शब्द घेऊन येतं, चूगाक्कोच्या तीन वर्षांत त्यात १६०० ते १८०० नवे शब्द पडतात, आठवड्याला चार तास. कागदावर हा आकडा दिलासा देणारा वाटतो, पण प्राथमिकमधले बरेच शब्द मुलांनी कानांनी ओळखलेले असतात, लिहिता आलेले नसतात. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या एप्रिलमध्ये, म्हणजे शाळा सुरू होते तेव्हा, फुग्यात चार-पाच शब्दांपेक्षा जास्त नकोत. त्या वर्षाच्या शेवटी सात चालतील, चूगाक्कोच्या तिसरीत बारापर्यंत जा. अख्ख्या चार चौकटींत मिळून १५ ते ३० शब्द पुष्कळ झाले.

चार चौकटी म्हणतोय ते मुद्दाम. जपानी योनकोमा, म्हणजे चार चौकटींचा उभा मांगा, वरून खाली वाचला जातो. पानभर मांगा उजवीकडून डावीकडे जातो आणि इंग्रजी ओळ डावीकडून उजवीकडे. इंग्रजीत आलेले बरेच मांगा मूळ दिशाच ठेवतात, त्यामुळे डोळा चौकटींत एकीकडे आणि फुग्यात दुसरीकडे पळतो. सराईत वाचकाला याचं काही वाटत नाही, पण अक्षर-अक्षर जुळवत वाचणाऱ्या मुलाची शक्ती तिथेच संपते. उभ्या पट्टीत हा प्रश्नच येत नाही. आडवं कॉमिक वापरायचं असेल तर प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात १, २, ३, ४ आकडे घाला, आणि एका चौकटीत दोन फुगे असले तर आधी बोलणाऱ्याचा फुगा डावीकडे आणि थोडा वर ठेवा.

दुसरं कारण रचनेचं. योनकोमा की-शो-तेन-केत्सु या क्रमाने चालतो: सुरुवात, पुढचा धागा, अचानक वळण, शेवट. ही चाल मुलांना तोंडपाठ असते, त्यामुळे तिसरी चौकट झाकली की पुढे काय होणार याचा अंदाज बांधायची खाज त्यांना आपोआप सुटते. त्या क्षणी तोंडातून इंग्रजी शब्द काढून घेणं सोपं जातं. एक सावधगिरी मात्र हवी. पुढे हायस्कूलमध्ये ‘तर्क आणि अभिव्यक्ती’ या विषयात मुलं मतप्रदर्शनाचा परिच्छेद लिहायला लागली की ही चाल तिथे आणू नका. इंग्रजी परिच्छेदाच्या मधेच विषय वळवला तर वाचणाऱ्याला लेखकाचा धागा सुटला असं वाटतं. चार चौकटी गोष्ट सांगायला वापरा, मत मांडायला नको.

आता फुग्याबद्दल, कारण नवखे शिक्षक याच जागी अडकतात. मांगातला फुगा उभा आणि अरुंद असतो, कारण जपानी मजकूर उभा लिहिला जातो. त्यावर पांढरी शाई मारून इंग्रजी वाक्य घातलं की एका ओळीत जेमतेम एक शब्द बसतो आणि लांब शब्द तुटतात. जपानी लिखाणात ओळ संपली की जवळजवळ कुठल्याही अक्षरावर तोडता येते आणि शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. मुलं हीच सवय घेऊन येतात: ‘टेनिस’चं स्पेलिंग अर्धं वर, अर्धं खाली, आणि ‘आयलाइकटेनिस’ एका दमात. अरुंद फुगा या दोन्ही चुकांना खतपाणी घालतो. म्हणून फुगे स्वतः काढा, आडवे काढा, बी-फाइव्ह (ए-फोरपेक्षा थोड्या लहान) कागदावर निदान सहा सेंटिमीटर रुंद. आत फिकट ओळी आखा. लहान वर्गाला नेहमीच्या वहीसारख्या चार ओळी, मोठ्यांना एक तळरेषा पुरते. ओळी नसल्या की अक्षरं तरंगतात, आणि ‘पी’, ‘जी’, ‘वाय’ यांच्या शेपट्या खाली जायला हव्यात हे मूल विसरतं.

अमेरिकी कॉमिक्समध्ये सगळा मजकूर मोठ्या लिपीत, म्हणजे कॅपिटल अक्षरांत, असायची जुनी पद्धत आहे. पाचवी-सहावीच्या मुलांना ती सोपी वाटते, कारण पाट्यांवर, टी-शर्टवर त्यांनी तीच अक्षरं पाहिलेली असतात. पण मोठ्या लिपीत वाक्याची सुरुवात कुठे, माणसाचं नाव कुठलं, हे दिसत नाही, आणि जो सराव सगळ्यात कच्चा असतो तो, ‘बी’ आणि ‘डी’ लहान लिपीत ओळखण्याचा, तो होतच नाही. त्यामुळे नेहमीची लहान-मोठी मिश्र लिपी वापरा. फॉन्ट निवडताना लहान ‘ए’ आणि ‘जी’ हाताने लिहितो तसे दिसतात का ते बघा. विंडोजमध्ये मिळणारा ‘यूडी डिजिटल क्योकाशो’ हा पाठ्यपुस्तकी वळणाचा फॉन्ट या कामाला चांगला आहे.

छपाईचंही सांगून ठेवतो. जपानी शाळांत वर्गाच्या संख्येइतक्या प्रती काढायला शिक्षकांच्या खोलीजवळचं स्टेन्सिल-छपाईचं यंत्र असतं, आणि कागद बहुधा बी-फोर किंवा बी-फाइव्ह. त्या यंत्रावर पेन्सिलीच्या रेषा आणि करड्या छटा गायब होतात, किंवा काळे डबके होतात. जाड काळ्या पेनाने रेखाटा, छटा नकोत, केस भरायचे असतील तर तिरक्या रेघा मारा. फळ्यासाठी चारही चौकटी ए-थ्री आकारात वेगवेगळ्या काढून मागे चुंबक लावा. पुढचे निम्मे खेळ त्यांच्यावरच चालतात.

एक पूर्ण तास घेऊन दाखवतो, चूगाक्कोच्या दुसरीसाठी, विषय साधा भूतकाळ.

पहिली चौकट: स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर एकसारख्या चौकडीच्या रुमालात बांधलेले दोन डबे. एकाच्या गाठीला कुत्र्याच्या पंजाची बारीक खूण असलेली चिठ्ठी. मुलगी धावत येते. आईचा फुगा: ‘युवर लंच इज ऑन द टेबल.’ मुलीचा: ‘थँक्स! आय’म लेट!’ आणि हातात खुणेचा डबा. दुसरी चौकट: सहल, झाडाखाली मैत्रिणी. ‘आय’म हंग्री. लेट्स ईट!’ तिसरी: डबा उघडलेला, काटेरी फुगा: ‘व्हॉट?! डॉग फूड?’ चौथी: घरी कुत्रा मुलीच्या डब्यातली तळलेली कोंबडी खातोय, शेपटी हलतेय, फुगा रिकामा. एकूण १६ शब्द. सहल ठेवली आहे ती बऱ्याच सरकारी चूगाक्कोंत रोज शाळेचंच जेवण असतं म्हणून. डबा सहलीला किंवा क्रीडादिनाला. असा तपशील चुकला की मुलं गोष्टीऐवजी चुकीवर बोलतात.

पहिली पाच मिनिटं चेहरे. फळ्यावर सहा चेहरे आणि सहा उद्गार: ‘आऊच’, ‘ऊप्स’, ‘यक’, ‘फ्यू’, ‘वॉव’, ‘हं?’. शिक्षक प्रसंग करून दाखवतो, मुलं उद्गार देतात. जपानी मुलांना आश्चर्य वाटलं की ‘एऽऽ?’ येतंच, ते अडवू नका. त्याच सुरात ‘व्हॉट?’ म्हणायला लावा. सूर आधीच बरोबर असतो, शब्द बदलायचा असतो.

पुढची आठ मिनिटं क्रम लावणं. इथे एक ठरलेला अपघात होतो: कापलेल्या चार चौकटी जोडीला दिल्या की अर्ध्या मिनिटात, एक अक्षर न बोलता, क्रम लागतो. चित्रांची सवय इथे तुमच्या विरुद्ध जाते. उपाय असा की दोन चौकटी एकाकडे, दोन दुसऱ्याकडे, आणि एकमेकांना दाखवायच्या नाहीत. ‘देअर आर टू बॉक्सेस.’ ‘अ डॉग इज ईटिंग.’ असं सांगून क्रम ठरवायचा. आता बोलल्याशिवाय काम होत नाही. फळ्याच्या कडेला चार आधारवाक्यं लिहून ठेवा: ‘इन माय पिक्चर...’, ‘हू?’, ‘व्हेअर?’, ‘आय थिंक धिस इज नंबर थ्री.’

मग दहा मिनिटं प्रश्न. जे दिसतं त्यापासून सुरू करा, जे दिसत नाही तिकडे जा. ‘व्हेअर आर दे?’, ‘व्हॉट डिड शी टेक?’ आणि शेवटी ‘व्हाय डिड शी टेक द राँग बॉक्स?’ या प्रश्नाला मुलं परत पहिल्या चौकटीकडे वळतात आणि कुणाला तरी पंजाची खूण सापडते. अशी एक तरी बारीक खूण चित्रात पेरून ठेवाच; पुन्हा बघायला भाग पाडणारा प्रश्न म्हणजे पुन्हा वाक्य बोलायची संधी. प्रश्न विचारला की लगेच कुणाचं नाव घेऊ नका. आधी जोडीत २० सेकंद बोलू द्या, मग विचारा. चारचौघांत चुकायची भीती या वर्गांमध्ये फार असते, आणि शेजाऱ्याशी पडताळलेलं उत्तर द्यायला मूल तयार होतं.

सात मिनिटं फुग्यांचं वाचन. कागदात तोंड खुपसून पुटपुटणं ही नेहमीची अडचण. नियम ठेवा: ओळ बघायची, मान वर करायची, समोरच्याकडे बघून बोलायची. कागदात बघत असताना तोंड बंद. छोट्या फुग्यांमुळे हे जमतं. पाठ्यपुस्तकातल्या लांब वाक्यांत जमत नाही. फुग्याचा आकार हा उच्चाराचा इशारा म्हणून वापरा: काटेरी म्हणजे ओरडून, तुटक रेषेचा म्हणजे कुजबुजत, ढगाचा म्हणजे मनातल्या मनात. यासाठी एक वेगळा छोटा सराव कधीही घेता येतो. ‘रियली?’ हा एकच शब्द तीन चेहऱ्यांखाली, आनंदी, संशयी आणि कंटाळलेला. परकी नावं जपानीत लिहायच्या कातकाना लिपीच्या वळणाने प्रत्येक व्यंजनामागे स्वर लावून सपाट बोलणारं मूलही इथे सूर बदलतं, कारण चेहरा तसं करायला लावतो.

पुढची दहा मिनिटं कुत्र्याचा फुगा. जोडीने भरायचा, जास्तीत जास्त पाच शब्द. मर्यादा नसली की मुलं जपानीत मोठं वाक्य रचतात, मग त्याचं शब्दश: इंग्रजी करायला बसतात आणि ‘योरोशिकु’ला इंग्रजीत काय म्हणतात असे प्रश्न येतात, ज्यांना प्रत्येक प्रसंगात वेगळं उत्तर आहे. पाच शब्दांच्या मर्यादेत ‘बेस्ट डे एव्हर!’, ‘थँक यू फॉर युवर लंच!’ असलं काहीतरी येतं, आणि ते पूर्ण इंग्रजी असतं. टॅब्लेटवरच्या भाषांतराला या टप्प्यात हात लावू देऊ नका. २०२० नंतर जवळजवळ प्रत्येक मुलासमोर उपकरण आहे, तेव्हा हे आधीच सांगावं लागतं.

शेवटची सात मिनिटं लेखन: फुगे सोडून द्यायचे आणि तीच गोष्ट कथनातून तीन वाक्यांत लिहायची. उरलेली तीन मिनिटं कागद गोळा करायला.

या शेवटच्या लेखनाला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो. फुग्यात वर्तमानकाळ आणि ‘आय’, कथनात भूतकाळ आणि ‘शी’. फुग्यातून कथनात जाताना मुलाला काळ, सर्वनाम, क्रियापदाचं रूप सगळं हलवावं लागतं, आणि कुठल्या गोष्टीबद्दल बोलतोय हे चित्रामुळे विसरता येत नाही. चुका ठरलेल्या असतात. कर्ता गळतो, कारण जपानीत तो गाळूनच बोलतात. ‘शी वॉज टेक द बॉक्स’ असं ‘वॉज’ उगाच घुसतं. ‘द गर्ल’ दर वाक्यात येते आणि ‘शी’ येतच नाही. आणि ‘अ’-‘द’चा गोंधळ, जो जपानी मुलांना वर्षानुवर्षं छळतो. कॉमिक इथे नियम पाठ करण्यापेक्षा जास्त कामाला येतं: वस्तू ज्या चौकटीत पहिल्यांदा दिसली तिथे ‘अ’, पुढच्या सगळ्या चौकटींत ‘द’. मुलांना लाल पेनाने वस्तूभोवती पहिल्या वेळी एक गोल आणि नंतर दोन गोल करायला लावा. पहिल्या चौकटीत कुत्रा नाही, फक्त पंजा आहे. म्हणून शेवटच्या चौकटीत ‘अ डॉग’ की ‘द डॉग’ यावर वर्गात खरा वाद होतो. होऊ द्या. तसंच ‘सरप्राइज्ड’ आणि ‘सरप्रायझिंग’: चेहऱ्यावर बोट ठेवलं तर पहिलं, डब्यावर बोट ठेवलं तर दुसरं. ‘आय वॉज एक्सायटिंग’ ही चूक बोटाने जितकी लवकर सुटते तितकी व्याकरणाने सुटत नाही.

परीक्षेची काळजी असलेल्या जपानी शिक्षकांना हेच लेखन दाखवा, ते लगेच तयार होतात. एइकेन या जपानमधल्या इंग्रजी प्रावीण्य परीक्षेच्या दुसऱ्या पातळीच्या मुलाखतीत तीन चित्रांची गोष्ट सांगायची असते, २० सेकंद तयारी, पहिलं वाक्य दिलेलं. पूर्व-पहिल्या पातळीला चार चित्रं, एक मिनिट तयारी, दोन मिनिटं बोलणं. टोक्योत २०२२ पासून सरकारी चूगाक्कोच्या तिसरीला जी इंग्रजी बोलण्याची परीक्षा होते, तिच्यातही चार चित्रांची गोष्ट सांगायचा एक भाग आहे. तेव्हा दर दोन आठवड्यांनी एक योनकोमा म्हणजे अभ्यासक्रमाबाहेरचा खेळ ठरत नाही. तोंडी सरावाला घड्याळ लावा: ३० सेकंद विचार, ४० सेकंद बोलणं. पहिल्या खेपेला मुलं चित्र एकमध्येच अडकून वेळ घालवतात. ‘दर चौकटीला किमान एक वाक्य, मगच सजावट’ हा नियम लावला की चौथ्यापर्यंत पोचतात.

आवाजाचे शब्द हा कॉमिक्सचा दुसरा मोठा साठा. जपानीत ते असंख्य आहेत, शांततेलाही ‘शीऽन’ आहे. मुलं विचारतात, इंग्रजीत ‘शीऽन’ला काय? काहीच नाही, तिथे चौकट रिकामी सोडतात किंवा ‘नोबडी सेड अ वर्ड’ असं वाक्य लिहितात. पण इंग्रजीतल्या बऱ्याच आवाजांना क्रियापद करता येतं: ‘स्प्लॅश’, ‘क्रॅश’, ‘नॉक’, ‘स्निफ’, ‘गल्प’. चौकटीतला आवाज उचलून त्याचं वाक्य करायला द्या: ‘स्प्लॅश!’ वरून ‘द डॉग स्प्लॅश्ड इनटू द पाँड.’ १५ मिनिटांत १० क्रियापदं होतात आणि भूतकाळही. घामाचा थेंब, फुगलेली शीर, चेहऱ्यावरच्या उभ्या रेघा या मांगाच्या खुणाही अशाच बोलत्या करता येतात: ‘हाऊ डज ही फील? हाऊ डू यू नो?’

विचारांचा ढग चूगाक्कोच्या तिसरीसाठी राखून ठेवा. २०२१ पासून ‘आय विश आय हॅड...’, ‘इफ आय वेअर...’ ही कल्पनेची रचना चूगाक्कोत आली आहे आणि ती फळ्यावर समजावणं अवघड जातं. पण खाली पावसात भिजणारा मुलगा, वर ढगात छत्री घेतलेला तोच मुलगा: खालचं खरं, ढगातलं खोटं. ‘आय विश आय हॅड ॲन अम्ब्रेला.’ भूतकाळाचं रूप असून अर्थ भूतकाळाचा नाही, हे जपानीत समजावण्याची गरज पडत नाही.

मुलांनी स्वतः कॉमिक करण्याची पायरी शेवटी ठेवा, आणि ठेवताना वेळेवर पहारा ठेवा. मोकळं सोडलं तर ५० पैकी ४० मिनिटं डोळ्यांतली चमक काढण्यात जातात. चांगलं काढणारी मुलं इंग्रजी विसरतात, न येणारी खोडरबर घेऊन बसतात. आधी संवाद लिहून तपासून घ्यायचा, मग चित्र. चित्र काडीमाणसांचंच, १० मिनिटं. किंवा चित्र काढूच नका: चौघांचा गट, चार स्तब्ध पोझ, टॅब्लेटवर चार फोटो, वर फुगे. लोइलो नोट किंवा कुठल्याही स्लाइड ॲपमध्ये हे एका तासात होतं. चेहरे असल्यामुळे हे फोटो शाळेच्या जाळ्याबाहेर जाणार नाहीत याची खात्री करून घ्या आणि वर्गशिक्षकांना आधी विचारा.

छापील कॉमिक्स घ्यायची तर प्रसिद्धीवर जाऊ नका. ‘पीनट्स’ या अमेरिकी पट्टीतला कुत्रा स्नूपी जपानमध्ये घराघरांत आहे, टोक्योजवळ माचिदाला त्याचं संग्रहालयही आहे, आणि ‘पीनट्स’चं जपानी भाषांतर शुन्तारो तानिकावांसारख्या कवीने केलं. म्हणून शिक्षक ती पट्टी हौसेने आणतात. शब्द सोपे असतात, पण विनोद बऱ्याचदा मनाच्या अवघड जागी असतो, आणि चूगाक्कोची मुलं शब्द कळूनही गप्प बसतात. ती वरच्या वर्गासाठी ठेवा. शब्दांवरच्या कोट्या असलेल्या पट्ट्या तर कुठल्याच वर्गात नकोत. समजावलेली कोटी कुणाला हसवत नाही. ‘साझाए-सान’ या एका जपानी कुटुंबावरच्या जुन्या योनकोमाची द्विभाषिक आवृत्ती कोदान्शा प्रकाशनाने काढलेली आहे, घरगुती जपानी रीतिरिवाज परक्या माणसाला इंग्रजीत समजावून सांगायच्या सरावाला ती उत्तम. शोनेन मांगाच्या, म्हणजे मुलग्यांसाठीच्या साहसी मांगाच्या, इंग्रजी आवृत्त्या ग्रंथालयात ठेवाव्यात, वर्गात एखादंच पान. त्यांच्यात शाप, शपथ, तलवारीची पाती यांचे शब्द भरपूर आणि शाळेच्या यादीतले कमी. स्वतः वाचायला द्यायचं पुस्तक पारखायला सोपी कसोटी आहे: शंभर शब्दांत अनोळखी दोन-तीनपेक्षा जास्त निघाले तर ते अजून लवकर आहे.

प्रती काढण्याबद्दल: जपानच्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३५ नुसार शाळेतल्या शिक्षकाला वर्गाच्या गरजेपुरतं प्रकाशित साहित्य परवानगीशिवाय छापून वाटता येतं, मालकाच्या हिताला अवाजवी धक्का लागत नसेल तर. एक पट्टी, एक पान चालतं. अख्खं पुस्तक ३५ मुलांना छापून देणं चालत नाही, सरावपुस्तिकाही नाही. आणि वर्गात चाललेली गोष्ट शाळेच्या संकेतस्थळावर टाकली की ही सवलत संपते. मुलांनी ओळखीची पात्रं वापरून केलेली कॉमिक्सही तिथे टाकू नका.

राहिला प्रश्न जपानी सहशिक्षकांचा. तुम्ही भारतातून जेट या जपान सरकारच्या शिक्षक-भरती कार्यक्रमातून गेलात किंवा एखाद्या कंपनीमार्फत, तास बहुधा त्यांचा असतो आणि तुमच्या वाट्याला एकाहून जास्त शाळा असू शकतात. चार चौकटी आणि तासाचं मिनिटवार कोष्टक आठवडाभर आधी त्यांच्या टेबलावर ठेवा, वर चिठ्ठी लावा: पाठ्यपुस्तकाचं कुठलं पान, कुठली रचना. ‘मजेचा तास’ म्हणून मांडू नका. मग तो परीक्षेनंतरच्या रिकाम्या दिवसावर ढकलला जातो. वर्गात दोघांनी मिळून संवाद करून दाखवा, एक आई, एक मुलगी. त्यांनी कुत्रा व्हायचं कबूल केलं तर वर्ग तिथेच मोकळा होतो.

गुण देताना चित्राला शून्य गुण, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. कथनाच्या तीन वाक्यांना तीन बाबी पुरतात: कर्ता आहे का, काळ एकच राहिला का, चारही चौकटी आल्या का. फुग्याला गुण देऊच नका, तिथे फक्त वाचून दाखवा, नाव न घेता. वर्षाअखेरीस चांगले फुगे निवडून बी-फोर कागदावर छापा, दुमडून मधे पिना मारा, आठ पानांची पुस्तिका होते. पाच-सहा प्रती जास्त काढा, मूळ चित्रांचे रिकाम्या फुग्यांचे कागद वेगळे ठेवा. एप्रिलमध्ये नवा वर्ग आला की तेच कागद पुन्हा यंत्रावर चढवता येतात.